तुम्ही सरळ केलेले फोटो

बाबा, मला चष्मा लागला आहे. वाचायचा नव्हे, तो तर कधीच लागला. हा वेगळा आहे. याची एक काच खालच्या कडेला जराशी जाड आहे, आणि माझ्या दोन डोळ्यांना दिसणारी दोन चित्रं एकमेकांवर नीट बसवणं एवढंच तिचं काम आहे. माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर बघतो. जन्मापासून. आरशात कळत नाही, फोटोत कळत नाही, पण डोक्याला कळतं. दोन चित्रं एक करण्यासाठी डोकं एक सोपी युक्ती शोधतं, मान उजव्या खांद्याकडे झुकवतं. तशी झुकवली की सगळं एक दिसतं. म्हणून मी लहानपणापासून वाकडी बसायचे. नखरे म्हणून नाही, अभ्यासाच्या कंटाळ्याने नाही, आणि तुमचं नाव खराब करायला तर नाहीच नाही. हे तुम्हाला सांगताना मला समाधान वाटेल असं वाटलं होतं. पण तसं झालं नाही. तुमची आठवण आली की आधी वास येतो, आणि तो वास मला सहन होत नाही.

बसस्टँडजवळचा तो स्टुडिओ. पुढे काचेचं कपाट, मागे पडदा, पडद्यामागे तुमची अंधारी खोली. जैनथहून, बाजारहत्नूरहून माणसं बसने यायची, कुणाला रेशनकार्डासाठी फोटो हवा, कुणाला नोकरीच्या अर्जासाठी, कुणाला सोयरिकीसाठी. दाराशी खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. सगळ्यांना तोच. आधीच्या माणसाच्या घामाने कॉलर ओली असायची आणि पुढचा माणूस मुकाट्याने त्यात हात घालायचा. एकच कंगवा, त्याच्या दातांमध्ये साऱ्या तालुक्याचं तेल साचून काळं झालेलं. एकच पावडरचा पफ, तो तर हात लावला की चिकट लागे. तुम्हाला त्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तुम्ही पुढे व्हायचा आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायचा. मराठी माणसाला "मान सरळ", तेलुगू माणसाला "तल पैकी", व्यापाऱ्याला "सेठ, गर्दन सीधी." ती बोटं फोटो धुण्याच्या औषधाने पिवळी पडलेली आणि खर्रा घोटून घोटून तपकिरी झालेली. औषधाचा आंबूस वास आणि त्यात तंबाखूचा. आज इतक्या वर्षांनी कुणी शेजारी बसून खर्ऱ्याची पन्नी चोळायला लागलं की मी बसमधली जागा बदलते.

गिऱ्हाइकांची हनुवटी तुम्ही एकदाच धरायचा. माझी दिवसभर. जेवताना, अभ्यास करताना, पाहुण्यांपुढे. बोटं आली की मान सरळ व्हायची, बोटं गेली की मान पुन्हा आपल्या जागी. "काऊन वाकडी बसून राह्यली?" तुम्ही विचारायचा. "साऱ्या जिल्ह्याच्या माना सरळ करतो मी अन् मायीच पोरगी वाकडी! लोक हसतेत मले." म्हणजे दुखणं माझं आणि हसं तुमचं. तुम्ही याच भाषेत बोलायचा आणि मला ते खरंच वाटायचं.

तुम्ही एक ओळंबा आणला होता. गवंडी भिंत उभी आहे का बघायला लावतात तो, दोरीला शिशाचा गोळा बांधलेला. स्टुडिओत मागचा रंगवलेला पडदा सरळ लागावा म्हणून तो तुम्ही वापरायचा. एक दिवस तो घरी आला आणि माझ्या अभ्यासाच्या जागी छताच्या हुकाला टांगला गेला, बरोबर माझ्या नाकासमोर. नाक दोरीच्या रेषेत ठेवून वाचायचं. मी बसले आहे. मान सरळ आहे. आणि पुस्तकातली प्रत्येक ओळ फुटून वर एक आणि खाली एक झाली आहे, तो गोळासुद्धा. एकाखाली एक, दोन गोळे हलताहेत. मी तुम्हाला सांगते, "बाबा, गोळे दोन दिसतेत. एक वर, एक खाली." यापेक्षा स्पष्ट कुठल्या पोरीने काय सांगायचं? नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, दोन दिसतात तेव्हा शेजारी शेजारी की वर खाली? मी त्यांना जे उत्तर दिलं ते शब्दाला शब्द मी तुम्हाला तेव्हाच दिलं होतं. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं का? "दोन दिसते? मंग दोन थापडा खाय, एक दिसन." आणि दिल्यात. त्यानंतर मी कुणालाच सांगितलं नाही. दोन दिसणं ही माझी खोड आहे असं मीही धरून चालले. शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं, आणि सगळीकडे हे गुपित सांभाळलं, घरातली एखादी लाजिरवाणी गोष्ट सांभाळावी तसं.

डोकं दुखायचं ते मानेपासून सुरू व्हायचं. मानेच्या मुळाशी एक गाठ, मग ती वर चढत चढत कपाळापर्यंत, मग ओकारी. आई बाम चोळायची, त्या बामाचा आणि तुमच्या बोटांचा वास एकत्र व्हायचा. तुम्ही दारातून म्हणायचा, "शाळा बुडवायची असन." मग आठवडी बाजारातला तो मालिशवाला. तुम्ही मला त्याच्यापुढे बसवलंत. तेलाने थबथबलेले त्याचे हात, नखांत मळ, आणि मान धरून त्याने दिलेला तो हिसका. कडकन आवाज झाला तेव्हा तुम्ही हसलात, म्हणालात, "बसली जाग्यावर." मान जाग्यावरच होती, बाबा. तिला जिथे असायला हवं होतं तिथेच होती. ती दिवसभर माझे डोळे सांभाळण्याचं काम करून दमत होती आणि तुम्ही त्या दमलेल्या मानेला शिक्षा करत होतात. हे लिहिताना मला दुःख होत नाहीये, शिसारी येतेय. त्या तेलाची, त्या हिसक्याची, आणि त्या हसण्याची सगळ्यात जास्त.

आता मी गुडीहत्नूरच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत आहे. दिवसभर कॉम्प्युटरवर शेताचे सर्व्हे नंबर आणि पट्टेदारांची नावं. तरुणपणी डोळ्यांनी कसंबसं निभावून नेलं. पन्नाशी जवळ आली आणि डोळे दमले. गेल्या पावसाळ्यापासून दुपारनंतर एक ओळ दुसरीवर चढायला लागली, एकाचा सर्व्हे नंबर दुसऱ्याच्या नावापुढे दिसायला लागला. चुकू नये म्हणून मी पट्टी धरून वाचायचे. शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू बाई विचारायच्या, "मळ्ळी तलनोप्पी?" म्हणजे पुन्हा डोकं दुखतंय का. रोजच दुखत होतं. गोळ्या खाऊन पोट बिघडलं. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं वय, एका डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला. पट्ट्याने मान सरळ धरली आणि दोन दिवसांत मी जिना उतरताना पायरी चुकून पडले, कारण पायऱ्याही दोन दोन दिसत होत्या. तेव्हा पहिल्यांदा मला तो ओळंबा आठवला, आणि मी नागपूर गाठलं.

डॉक्टरीण बाई शांत होत्या. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. दूरच्या दिव्याकडे बघायला लावून माझी मान त्यांनी एका खांद्याकडे झुकवली, दिवा एक. दुसऱ्या खांद्याकडे झुकवली, दिवे दोन, एकावर एक. त्यांचा हात हनुवटीला लागला तेव्हा मी इतकी जोरात मागे सरकले की त्या दचकल्या. माफी मागितली त्यांनी. हनुवटीला हात लावल्याबद्दल माझी कुणी माफी मागितल्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी सांगितलं की डोळा फिरवणारा एक बारीक स्नायू कमजोर आहे. हे जन्मापासूनचं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, चष्म्याने भागेल. पण मोठेपणी नव्याने आलं असेल तर डोक्यात काहीतरी चाललं आहे का ते बघावं लागतं. "लहानपणीचे फोटो आहेत का?" त्यांनी विचारलं. "जुनं असेल तर फोटोत मान एकाच बाजूला झुकलेली दिसते. फोटो खोटं बोलत नाहीत." मला हसू आलं. म्हटलं, माझे वडील फोटोग्राफर होते, पेटीभर आहेत.

पेटीभर होतेच. मी पुढच्या खेपेला घेऊन गेले. पाळण्यातला नाही, तेव्हा तुमच्याकडे कॅमेरा नव्हता. पण पुढचे सगळे: फ्रॉकमधला, शाळेचा, प्लास्टिकच्या मोत्यांची माळ घातलेला, कॉलेजच्या प्रवेशाचा, लग्नासाठी दाखवायचा. डॉक्टरीण बाईंनी एकेक हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. एकाही फोटोत मान वाकडी नव्हती. बाबा, एकाही नाही. नाक अगदी ओळंब्यात. मी सांगितलं की वडील सतत ओरडायचे, मान धरायचे, दोन दिसायचं मला. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास आहे. पण ओरडणं सगळ्यांच्याच घरी असतं, आणि लहानपणीच्या आठवणीत घोटाळा होऊ शकतो. इथे सरळ दिसतंय आणि त्रास गेल्या वर्षात वाढलाय. मी धोका पत्करणार नाही. डोक्याचा स्कॅन करून घेऊ." त्या बरोबरच बोलत होत्या. पण मी बाहेर येऊन बाकावर बसले. मेंदूत गाठ असेल, असं मी ठरवूनच टाकलं होतं. त्याहून वाईट म्हणजे मला माझी स्वतःची खात्री वाटेना. मी वाकडी नव्हतेच का? मग ती बोटं कशासाठी होती?

घरी येऊन आईला विचारलं. ती आता माझ्याकडेच असते, ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. तिने एक फोटो हातात घेतला, लांब धरला. "सरळच होती तुई मान," म्हणाली. "पाह्य ना फोटोत. थोडा खांदा पाडून बसायची, बस." मी म्हटलं, "आई, बाबा रोज मान धरत होते ना माही?" ती म्हणाली, "थे साऱ्याईचीच धरत होते. धंदा होता त्याईचा." आणि मग समजूत घातल्यासारखं, "मान वाकडी असती तं काचेच्या कपाटात तुया फोटो लावला असता का त्याईनं?" खरं होतं. दुकानाच्या काचेत माझा फोटो होता, पावडर थापलेला. लोक कुजबुजायला लागले की तुम्ही तिकडे बोट दाखवायचा. "माया पोरीच्या मानेत काय हाय, पाह्य ना फोटो." आईसुद्धा, जी माझ्या मानेला बाम चोळायची, ती तुमच्या फोटोवर विश्वास ठेवून बसली आहे.

स्कॅनच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी फाइलीत लावायला फोटो टेबलावर मांडत होते. त्यात चुकून धाकट्या भावाचा फोटो आला. एकाच दिवशी काढलेले दोन, दिवाळीचे नवे कपडे, तेच स्टूल, मागे तोच तुमचा रंगवलेला पडदा: पायऱ्या, कुंडी आणि पांढरा खांब. भावाच्या मागचा खांब सरळ उभा आहे. माझ्या मागचा खांब पडायला आला आहे. मला वाटलं माझेच डोळे. एक डोळा झाकून पाहिलं. खांब तिरपाच. मग दुसरा फोटो, तिसरा. माझ्या प्रत्येक फोटोत खांब कलंडलेला, कुंडी घसरायला आलेली, आणि त्यात मी मात्र नाकासमोर. मी फोटो हातात धरून हळूहळू फिरवला. खांब उभा झाला आणि मी वाकडी झाले. उजव्या खांद्याकडे. जशी मी होते तशी.

मग अंधाऱ्या खोलीतलं सगळं आठवलं. लाल दिवा लागलेला आहे, दार थोडं उघडं आहे, तुम्ही यंत्राखाली कागद ठेवता आहात, डोळा बारीक करून तो जरासा फिरवता आहात, परत बघता आहात, परत जरासा. मी विचारते, काय करून राह्यले बाबा? तुम्ही म्हणता, "तुले सरळ करून राह्यलो." म्हणजे कॅमेऱ्याला दिसत होतं. तुम्हाला दिसत होतं. बोटं गेल्यावर मान परत झुकायची हे तुम्हाला नीट माहीत होतं, दर वेळी, नेमकी किती झुकते तेही माहीत होतं, कारण तेवढाच कागद तुम्ही फिरवत होता. माझ्या दुखण्याचं इतकं अचूक माप तुमच्या हाताला येत होतं, आणि त्या मापाचं तुम्ही काय केलंत? चार कडा कापून टाकल्या. एखाद्या डॉक्टरकडे न्यायला नागपूरची एक बस पुरली असती. न समजल्याबद्दल मी तुम्हाला काही म्हणत नाही. गावात कुणालाच समजलं नसतं. पण समजलं नाही म्हणून गप्प बसणारा माणूस वेगळा आणि पुरावा पुसणारा वेगळा. त्या फोटोंना हात लावला की मला कोटाच्या कॉलरला हात लावल्यासारखं होतं. साबणाने हात धुतले मी त्या दिवशी. आईने विचारलं, काऊन गं? मी म्हटलं, धूळ होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले, माझा खांब उभा करून पाहिला. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा बघितलं." स्कॅन रद्द झाला. ज्या बाईंनी फोटो खोटं बोलत नाहीत असं म्हटलं होतं, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तुमची लाज वाटली. तुमच्या वतीने मी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणजे छोट्या गावात असं असायचं, काळ तसा होता वगैरे. माणसं बोलतात तसं. मी नाही बोलले.

चष्मा घालून आता काही महिने झाले. पहिले दोन आठवडे फरशी उतरती वाटायची. मग एका दुपारी ऑफिसात लक्षात आलं की चार वाजून गेले आहेत आणि मानेत गाठ नाही. ओळी आपापल्या जागी आहेत. मी सरळ बसले होते, कुणी न धरता. हे असं आयुष्यभर राहू शकलं असतं, हा विचार आला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही. इतकं सगळं वाया गेल्याचा संताप होता तो, दुखण्यात गेलेल्या परीक्षांचा, आडवं पडून काढलेल्या सणांचा, माझ्या मुलीला "जा बाई, आई झोपलीय" म्हणून दाराबाहेर पाठवलेल्या दुपारांचा. तुम्ही गेलात तेव्हा बाजारपेठेने दुकानं अर्धा दिवस बंद ठेवली होती. लोक म्हणाले, असा फोटो काढणारा पुन्हा होणार नाही. मी तेव्हा मान हलवली होती. आज विचारलं तर नाही हलवणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला माहीत आहे. आईला वाचून दाखवायचं नाही, भावाला पाठवायचं नाही, घडी करून कुठल्या देव्हाऱ्यातही ठेवायचं नाही. उद्या केराच्या डब्यात जाईल. पण एक गोष्ट डॉक्टरीण बाईंना सांगितली नाही, तुम्हाला सांगते. त्यांचं काम त्या दोन फोटोंवर झालं होतं. त्यानंतर मला पेटी उघडायचं काहीच कारण नव्हतं. तरी मी उघडते. रविवारी आई झोपली की एकेक पाकीट काढते आणि खांब बघते. मला एक असा फोटो हवा आहे ज्यात खांब सरळ आहे आणि मी वाकडी आहे. तुमच्या हातून चुकून सुटलेला चालेल. पण खरं सांगायचं तर चुकून सुटलेला नकोय, तुम्ही राहू दिलेला हवाय. अजून मिळालेला नाही. पेटीच्या तळाशी फोटोपेपरचं एक काळं, फोटोंनी फुगलेलं पाकीट उरलं आहे, ते मी गेले तीन रविवार बाहेर काढते आणि न उघडताच परत ठेवते.